सहा फुटांचा प्रसाद

रविवारची दुपार आहे. भोजनोत्तर मी बैठकीच्या खोलीतील लोखंडी खाटेवर डाव्या कुशीस पहुडलो आहे आणि समोरच्या दूरचित्रवाणी संचावर एक घोडा चौथ्यांदा कड्याच्या दिशेने दौडत आहे. निद्रा मला पायांकडून ग्रासू लागली आहे. तळवे गेले, पोटऱ्या गेल्या. केवळ मस्तक जागे आहे, आणि त्या मस्तकात संताप आहे.

वाचकांस ठाऊक आहेच, की आपल्या चित्रप्रेमी मंडळाच्या पत्रिकेत ‘घ्यावी की न घ्यावी’ हे सदर मी गेली अकरा वर्षे चालवीत आलो आहे. जुन्या साहसपटांच्या ज्या तबकड्या नव्याने बाजारात येतात, त्या घरी आणण्याच्या योग्यतेच्या आहेत की नाहीत, याचा निवाडा मी करतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु तासगावच्या जयध्वज चित्रमंदिराच्या यंत्रघरात चित्रपट दाखवीत मी चौतीस वर्षे उभा राहिलो आहे, आणि सभासद माझ्या शब्दावर विसंबतात. या खेपेस निवाड्यास आलेली तबकडी ‘सात खाड्यांचा सरदार’ या चित्रपटाची आहे.

तिची मला किळस आली आहे. हा शब्द मी तोलून लिहीत आहे. मूळ चित्रपट कृष्णधवल. यांनी त्यास रंग फासले आहेत. सरदाराचे मुख पिवळेधमक आणि समुद्र सरबतासारखा हिरवा. मूळ चौकट जवळपास चौरस. आजच्या रुंद पडद्यात कोंबण्यासाठी ती वरून आणि खालून छाटली आहे, त्यामुळे उभ्या माणसांना कपाळ नाही व घोड्यांना खूर नाहीत. तलवारींच्या खणखणाटाखाली कोठूनसा नवा ढोल आणून घातला आहे. उजव्या कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह सबंध अडीच तास बसून आहे, वाढलेल्या ताटावर माशी बसावी तसे. आणि वेष्टनावर सोनेरी अक्षरांत लिहिले आहे: ‘एकमेव उपलब्ध प्रतीवरून, अत्यंत निष्ठेने.’

हेही मी एक वेळ गिळले असते. परंतु उडी नाही! शत्रू पाठीशी, समोर कडा, खाली खाडी, आणि सरदार घोड्यासह स्वतःस झोकून देतो, ती उडी. तेवढ्या चार सेकंदांसाठी माणसे तीन-तीन वेळा तिकीट काढीत असत. या तबकडीत घोडा कड्यापर्यंत येतो, चित्र एक आचका देते, आणि घोडा पैलतीरावर ओलाचिंब उभा असतो. मध्ये क्षणमात्र एक रेघ चमकते. सांध्याची रेघ, डावीकडे कललेली, कोण्या अडाणी हाताने जोडलेली.

माझा लेख उशाशी तयार आहे. ‘कंपनीने चित्रपटाचा प्राण कापून काढला आहे. ही तबकडी घेऊ नये. घेतली असल्यास निषेधाच्या पत्रासह परत धाडावी.’ लेख मी माझे गुरू, पैगंबरवासी बाळेखान मुजावर यांस अर्पण केला आहे, ‘ज्यांनी चित्रपटाचा इंचन्‌इंच जिवापाड जपला’. पाच वाजता मंडळाचे सचिव जोगळेकर तो छपाईस नेण्यास येतील, आणि साडेतीनशे घरांतून साडेतीनशे पत्रे कंपनीकडे जातील.

“अहो, त्या घोड्याला जरा पाणी तरी पाजा,” स्वयंपाकघरातून सौभाग्यवती म्हणते. “सकाळपासनं पळतंय बिचारं.”

मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडतो, पण माझा जबडाही आता निद्रेच्या ताब्यात आहे.

“पाय आवर की रं, धोंड्या. बसू दे.”

मी पाय आवरतो. खाटेच्या पायथ्याशी मुजावरचाचा बसतात. एकोणीस वर्षांपूर्वी यांच्या जनाज्याला मी खांदा दिला आहे. अंगात तोच खाकी सदरा, बाहीवर यंत्राच्या दिव्यातील कार्बनच्या कांडीची काजळी. खाट त्यांच्या भाराने वाकत नाही, हे मी पाहतो आणि मला त्याचे काही वाटत नाही.

“चाचा, आपले आगमन कसे झाले?”

“आगमन! लिवाया लागल्यापासनं लई जड झालाईस.” ते पडद्याकडे हनुवटी उडवतात. “ह्ये काय लावलंयस?”

“सरदार.”

“ह्यो सरदार व्हय? मला वाटलं कुणाची हळद हाय.”

मला हसू येते, आणि मी हसत असताना दूरचित्रवाणी संच भिंतीतील एक लहानसे चौकोनी भोक झालेला असतो. भोकातून खाली जयध्वजच्या खुर्च्या दिसतात. माझी खाट म्हणजे रिळे गुंडाळण्याचे मेज आहे. यंत्रघरात आंबूस दर्प भरला आहे, जुनी फिल्म कुजू लागली की शिरक्यासारखी आंबते तो. तो घशापर्यंत येतो. मेजावर उघड्या डब्यात एक रीळ आहे; त्याचे वेढे एकमेकांत विरघळून काकवीसारखे काठावरून ओघळत आहेत.

“लेख लिहिला आहे, चाचा. आपणांस अर्पण केला आहे.”

“वाच की मग.”

मी वाचतो. माझा आवाज व्याख्यानाच्या वेळी होतो तसा उंच होतो. ‘चित्रपटाचा प्राण’ या शब्दांशी मी थांबून त्यांच्याकडे पाहतो. चाचा करंगळीच्या नखाने दाढेत अडकलेले काहीतरी उकरीत आहेत. ते निघते. काळे, चकचकीत, एका कडेला बारीक भोके असलेले. ते त्याकडे पाहतात आणि पुन्हा तोंडात टाकतात.

मी विचारतो, “काय खाताय?”

“वळकंना व्हय? परसाद.”

हा शब्द मी तीस वर्षांत उच्चारलेला नाही. वाचकांस तो या अर्थी माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून सांगतो. चित्रपटाची पेटी पुढच्या गावी रवाना होण्यापूर्वी, त्यातील जो प्रसंग सर्वांत सुंदर असेल त्यातून ऑपरेटर दोन चित्रे कात्रीने काढून घेत असे आणि टोके पुन्हा जोडून टाकीत असे. दोनच. एका सेकंदात चोवीस चित्रे धावतात. दोन गेली तर कोणास कळते? यास आम्ही प्रसाद घेणे म्हणत होतो. त्यात कोणास चोरी वाटत नव्हती. उलट, ज्या चित्रपटाचा प्रसाद कोणी घेतला नाही, तो चित्रपट टाकाऊ समजला जाई.

“मी तबर्रुक म्हनायचो,” चाचा म्हणतात, “तू परसाद म्हनायचास. चव येकच. चल, पंगत बसलीया.”

यंत्रघराचा जिना उतरताना पायांखाली वाळू लागते. समोर खाडी आहे. रंग नाहीत, सगळे राखाडी. आणि किती सुंदर आहे! वर संपूर्ण आभाळ आहे, खाली घोड्याचे चारी खूर आहेत. कोणी काही छाटलेले नाही. घोडा कड्यावर उभा आहे, सरदार त्याच्या पाठीवर आहे, आणि दोघे खाली पाहत खोळंबले आहेत.

वाळूवर पत्रावळींची रांग मांडली आहे. तिच्याशी गावोगावचे ऑपरेटर मांडी घालून बसले आहेत, खाकी सदरे, काजळलेल्या बाह्या. प्रत्येकाच्या पत्रावळीवर फिल्मचा एक तुकडा आहे. ते डोळे मिटून, मोठ्या भक्तिभावाने चघळत आहेत. हनुवट्यांवरून काळी लाळ गळते आहे. कचकच असा आवाज येतो. कोणी एक जण बोटे चाटतो आणि म्हणतो, “काय उडी हाय रं, मर्दा!”

“चाचा, हे मला पाहवत नाही.”

“बघ. अट्टेचाळीस जण हाईत. दोन-दोन चित्रं. किती झाली?”

“शहाण्णव.”

“फूट किती?”

फुटाला सोळा चित्रे. हे मला झोपेतही येते. “सहा.”

“सहा फूट. माझी कबर बी तेवढीच हाय.”

“पण आपण ते प्रेमाने केले, चाचा! या कंपनीने धंद्यासाठी—”

“मग? उंदीर काय रागानं कुरतडतोय?”

रांगेच्या या टोकाला चाचांची पत्रावळ आहे, मला ती ओळखू येते. “सुरुवात माझी,” ते म्हणतात. “पेटी नवी कोरी आली व्हती. उडी बगितली आन्‌ ऱ्हावलं न्हाई. पयली कात्री मी लावली. कबूल हाय.” मग ते रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे बोट करतात. तेथे एक पत्रावळ रिकामी आहे आणि तिच्यासमोर कोणी बसलेले नाही.

“त्यो कोन?”

“मला ठाऊक नाही.”

“धोंड्या.”

“मला खरोखरच ठाऊक नाही, चाचा.”

घोडा मान वळवून माझ्याकडे पाहतो.

मी बावीस वर्षांचा आहे. पेटी सर्व गावे फिरून अखेरच्या खेपेस आमच्याकडे आली आहे. खुर्च्यांतून शिट्या येत नाहीत, शिव्या येतात, कारण उडीची दोनच चित्रे उरली आहेत आणि पडद्यावर नुसता हिसका दिसतो. खेळ सुटल्यावर मी ती दोन चित्रे दिव्यासमोर धरतो. घोडा अधांतरी आहे. चारी पाय पोटाशी. चाचा कात्री पुढे करतात. दोन चित्रांत काय दिसते, मी म्हणतो, ठेवून उपयोग काय. आणि मी कापतो.

“कात्री आपण दिलीत,” मी म्हणतो.

“दिली की. म्हनून तर मी हितं बसलोय. तुझी जागा मोकळी हाय. तू कागदावर कंपनीला बसवलंयस.” ते तळहात पुढे करतात. “कुटं हाईत ती? दाव की. म्हाताऱ्याला येकदा बगू दे.”

हे मी कोणासही सांगितलेले नाही. ती मी पाकिटात ठेवली होती. एका उन्हाळ्यात घामाने दोन्ही चित्रे पाकिटाच्या कातड्यास चिकटली. सोडवू गेलो तर चित्राचा थर निघून कातड्यावर राहिला आणि हातात कोरी पारदर्शक पट्टी आली. पाकीट मी उकिरड्यावर टाकले. जगात त्या उडीचे जे काही शिल्लक होते ते सारे त्या पाकिटात होते.

“टाकली,” मी म्हणतो.

चाचा मला शिवी देत नाहीत. शिवी दिली असती तर बरे झाले असते. ते नुसते ‘च्‌’ करतात, आणि मला माझी, माझ्या या पंडिती शब्दांची, माझ्या अर्पणपत्रिकेची अशी किळस येते, जशी त्या पिवळ्या सरदाराचीही आली नव्हती.

पुन्हा यंत्रघर आहे. मेजावर फिल्मची दोन टोके आहेत. एका टोकाला कडा, दुसऱ्या टोकाला ओला घोडा.

“जोड.”

“मध्ये काहीच नाही, चाचा.”

“न्हाईच हाय. जोड.”

मी पात्याने एका टोकाचा थर खरवडतो, कुंचल्याने जोडरस लावतो, दुसरे टोक त्यावर ठेवतो आणि डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांत सांधा धरून दाबतो. मी डावखुरा आहे. माझा प्रत्येक सांधा डावीकडे कलतो. यावरून चाचा मला आयुष्यभर चिडवीत आले.

“अडाणी हात,” ते हळूच म्हणतात. “बराबर लिवलंयस.”

“चाचा, मग काय लिहू? घ्यावी की न घ्यावी?”

“मला काय इच्यारतोस? माज्याकडं कुटं टीवी हाय.” ते उठतात, सदरा झटकतात. काजळी माझ्या हातावर पडते. “सोडू नगंस. धा मोज. घाई केली की सुटतंय.”

मी मोजतो. तीन. चार. खालून कोणी शिटी वाजवते. सहा. भोकातून प्रकाश येतो, तो प्रथम पांढरा असतो, मग खिडकीचा असतो. आठ.

“अहो, उठा! चहा गार व्हायला लागला. घोडं थांबलं बघा एकदाचं.”

तबकडी संपून पडदा निळा झाला आहे. मी उठून बसतो. डावा हात गालाखाली दबून बधिर झाला आहे असे मला वाटते. परंतु बधिर नाही. अंगठा आणि तर्जनी एकमेकांस चिकटली आहेत.

“हे काय लावून घेतलंत?” सौभाग्यवती माझा हात नाकाशी नेते. “पिकलेल्या केळ्यासारखा वास येतोय. घरात तर गोंदसुद्धा नाही!”

तो वास मी चौतीस वर्षे घेतला आहे. तो जोडरसाचा आहे. ती कोमट पाणी आणते, तेल आणते. काही उपयोग होत नाही. अखेर मी दात आवळून ओढतो. अंगठ्याची कातडी सुटते आणि तर्जनीवर राहते. पातळ, पारदर्शक, दोन चित्रांएवढी पट्टी. दोन्ही कडांना बारीक भोके. खिडकीशी धरून पाहतो. आत काही नाही.

दारात जोगळेकर उभे आहेत. “काय धोंडीराम, तयार आहे ना तोफ? साडेतीनशे पाकिटं आणलीत मी.”

“पाकिटे परत न्या. आणि पाच मिनिटे बसा.”

ठसठसत्या अंगठ्याने मी लेखाचा शेवट खोडतो आणि हा निवाडा लिहितो. ही तबकडी घेऊ नये. तिचे रंग किळसवाणे आहेत, तिची चौकट छाटलेली आहे. परंतु उडीबद्दल कंपनीस एकही पत्र धाडू नये. उडी आम्ही खाल्ली. पहिली दोन चित्रे बाळेखान मुजावर यांनी, अखेरची दोन मी, धोंडीराम कोष्टी याने. आणि तो वाकडा सांधा माझा आहे.

या ओळींशेजारी, हस्तलिखिताच्या समासात, ती पट्टी चिकटवली आहे. छापखान्यातील मंडळींस विनंती, की तिला कात्री लावू नये.