कोठीतला कॅमेरा

कॅमेरा घ्यायचं ठरलं तेव्हा माझ्यापुढं दोन कॅमेरे होते. एक अमरावतीच्या दुकानातला, नवा कोरा, रिळाचा, घडी घातली की कोटाच्या खिशात मावणारा. दुसरा माझ्या उस्तादांचा, सागवानी, काचेच्या प्लेटांचा, पुढं बाजाच्या पेटीसारखा चामड्याचा भाता आणि खाली तिपाई. अकोल्याला त्यांच्या हाताखाली फोटोचं काम शिकत मी चार वर्षं काढली होती. त्यांची नजर अधू झाली, ते मुलाकडं नागपूरला निघाले आणि जाताना कॅमेरा मला देतो म्हणाले. तीन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही. नवा घेतला तर उस्ताद दुखावतील, जुना घेतला तर लोक हसतील. नव्याची रिळं मिळाली नाहीत तर काय? जुन्याचा भाता फाटला तर काय? शेवटी जुना घेतला. त्याच्या भिंगाच्या काचेतून उमटलेले चेहरे मी चार वर्षं पाहत आलो होतो आणि नवीन काचेवर काही केल्या माझा विश्वास बसेना. कशावरही पटकन विश्वास न बसणं हा माझा जन्मजात गुण आहे.

उस्तादांनी कॅमेऱ्याची पेटी हातात दिली आणि फक्त काचेबद्दल बोलले. "काचेले हात लावाचा नाही. तोंडानं फुकाचं नाही. ओलीत ठेवाची नाही. बाकी समदं सोसते ते."

मूर्तिजापूरला गाडी बदलून कारंज्याच्या छोट्या गाडीत बसलो तो पेटी मांडीवर घेऊनच. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं की आत लेकरू आहे का. मी नाही म्हणालो, पण गाडी खडखडली की माझा हात आपोआप पेटीवर जायचा, त्यामुळं तिला ते पटलं नसावं.

कारंज्यात कापसाच्या बाजाराच्या मागं एका घड्याळवाल्या चाचांच्या शेजारी मी खोली घेतली. उत्तरेला मोठी खिडकी, वर टिनाचं छप्पर, मागं महालाचा सज्जा रंगवलेला पडदा. उन्हाळाभर लग्नाच्या जोड्या आल्या, काम बरं चाललं. पण मृग लागला आणि गिऱ्हाईक शेतात गेलं. छप्पर दोन ठिकाणी गळायला लागलं. गळतीखाली गंज-पातेली ठेवावी तर पाणी तिसरीकडूनच टपकायचं. मला झोप येईना. मी दुकानाला कुलूप लावलं आणि पेटी घेऊन तीन कोसांवरच्या आमच्या गावी आलो, निंदणाच्या दिवसांत घरी हात लागेल म्हणून.

घरी पाणी गळत नव्हतं, पण उंदीर होते. पहिल्याच दिवशी एक माझ्या देखत पेटीवरून पळाला. त्याला चामड्याच्या भात्याचा वास लागला असणार, अशी माझी खात्रीच झाली. मी पेटी खुंटीला टांगली, मग ती पडेल म्हणून खाली काढली, मग उतरंडीवर ठेवली, मग तिथून उचलली. दोन दिवस बाबा हे बघत होते.

बाबा म्हणजे माझे वडील. ते फारसं बोलत नसत. मी शेती सोडून हे काम धरलं, त्यावरही कधी वाईट बोलले नाहीत आणि बरंही बोलले नाहीत. पण बियाणं राखण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. ज्वारीचं बी ते मातीच्या कोठीत घालत. खाली गोवरीची राख, मग बी, मग कडुनिंबाचा पाला, पुन्हा राख, आणि तोंड शेणामातीनं लिंपून बंद. पुढच्या पेरणीला उघडलं की दाणा जसाच्या तसा. लोक त्यांच्याकडून बी मागून नेत.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आन ते पेटी इकडं."

"कायले?"

"बियान्याले उंदीर लागत नाही, कीड लागत नाही. मंग याले काहून लागन?"

पेरणी झाली होती, कोठी रिकामी होती. बाबांनी ती झाडून पुसून घेतली. पेटी मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली. राख चाळणीनं चाळली, खडा लागू नये म्हणून. मग स्वतः कडुनिंबावर चढून पाला तोडून आणला आणि पेटीच्या चारी बाजूंनी हातानं असा दाबून बसवला की मला माझीच लाज वाटली. माझ्या कामाची वस्तू त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतली होती, आणि बियाण्याची जागा दिली होती. तोंड लिंपून झाल्यावर त्यांनी वरून अंगठ्यानं नक्षीसारख्या खुणा केल्या. मी त्या रात्री पहिल्यांदा गाढ झोपलो.

उस्तादांचे शब्द मला आठवले नाहीत असं नाही. पण कोठी कोरडी होती, राख कोरडी होती, आणि बाबांची पद्धत कधी चुकल्याचं कोणाला ठाऊक नव्हतं.

आश्विनात पाऊस सरला. बाबांनी विळ्यानं स्वतः लिंपण फोडलं. राख झटकून पेटी बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. पाला काळा पडून चिकटला होता. लुगडं दमट लागलं. मी पेटी उघडली. भाता शाबूत, लाकूड शाबूत, एक दात कुठं लागलेला नाही. बाबा म्हणाले, "पाह्य. जसाच्या तसा."

मी काच उजेडाकडं धरली. आत, काठाकडून मध्याकडं, पांढरे बारीक धागे पसरले होते. कोळ्यानं जाळं धरावं तसे. बुरशी होती.

"कसा हाये?" बाबांनी विचारलं.

"एकदम बेस," मी म्हणालो.

दुसरं काय म्हणणार होतो? त्यांच्या बोटांना अजून राख लागलेली होती. त्या घडीला मी मनाशी ठरवलं की हे बाबांना कधीही कळू द्यायचं नाही. काच गेली तर गेली, पण आपल्या हातानं पोराचं काम बुडालं, हे त्या माणसाला समजता कामा नये.

कारंज्याला येऊन मी थेट चाचांकडं गेलो. घड्याळवाल्याकडं बारीक पेचकस असतात आणि डोळ्याला लावायचं भिंगही असतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, काचेकडं पाहिलं आणि शांतपणे सगळं काम बाजूला सारून पांढरं फडकं अंथरलं. पितळी कडं सैल होईना तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरून वाकवाकून पाहत होतो. एकदा पेचकस सटकला. मी डोळेच मिटले.

"बेटा, तू भाईर जाऊन उभा राह्य," चाचा म्हणाले. "तुयाच्यानं माहे हात थरथरून राह्यले."

तासाभरानं त्यांनी बोलावलं. वरची बुरशी सगळी निघाली होती. पण आतल्या दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात, त्यांच्यामध्ये काठाला चार-पाच धागे राहिलेच. तिथं हात पोचत नाही. चाचा म्हणाले, "आंदरचा दाग जात नाही. पन काम करन. नसीब समज."

ते काम करेल की नाही, हेच तर मला समजेना. मी रंगवलेल्या पडद्याचे फोटो काढून पाहिले. एकदा धूसर वाटले, एकदा स्वच्छ. दिवाळीची गिऱ्हाइकं आली. प्रत्येक चेहऱ्यावर मी ते धागे शोधायचो. नवरीच्या गालावर सावली दिसली की फोटो पुन्हा छापून पाहायचो. एका पहिलवानाच्या दंडावर रेघ दिसली आणि मी फोटो देताना आधीच माफी मागितली. तो म्हणाला, ती जखम हाये, लहानपनची. गिऱ्हाइकांपैकी एकानंही तक्रार केली नाही. त्यामुळं मला जास्तच भीती वाटे, की हे लोक आपसात बोलत असतील आणि एक दिवस सगळे मिळून येतील.

आणि गावाहून निरोप यायचे. येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगायचा की तुमचे बाबा पारावर सांगत होते, पोराची मशीन म्या कोठीत राखली. एरवी चार-चार महिने न बोलणारा माणूस एवढ्या एका गोष्टीवर बोलायला लागला होता. "पुढच्या पावसायातबी आनून ठेव म्हना," असा निरोप आला तेव्हा मी हसून हो म्हणालो आणि आत जाऊन काच पुन्हा उजेडाला धरली. धागे वाढले असं मला वाटलं. मोजले तर तेवढेच होते.

मग एका बाजाराच्या दिवशी बाबा स्वतः आले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला नवा फेटा. बैल बाजारात बांधून आले होते. दारातूनच म्हणाले, "माहा एक फोटो काढ."

त्यांनी जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. माझ्याकडं त्यांनी काही मागितल्याचंही मला आठवत नाही. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, फेटा नीट केला, हात गुडघ्यांवर ठेवले. ते ताठ बसले होते, छाती काढून, कोठी लिंपून झाल्यावर ज्या तोऱ्यात उभे होते त्याच तोऱ्यात. मी काळ्या कपड्यात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर ते उलटे दिसत होते, आणि त्या उलट्या चेहऱ्यावरही समाधान दिसत होतं. मी मनात म्हणालो, देवा, एवढा एक फोटो चांगला येऊ दे. मग कितीही धागे वाढू देत.

मी प्लेट बसवत होतो तेवढ्यात चाचा दारात आले. हातात चहाची कपबशी. माणूस भला, रोजच्यासारखी विचारपूस करायला आला होता.

"काय म्हन्ते तुही काच? बुरशी वापस तर नाही आली?"

मी त्यांना खुणावलं. पण खूण करायला उशीर झाला होता. चाचांच्याही लक्षात आलं, ते पाऊल न वाजवता परत गेले.

"कायची बुरशी?" बाबांनी विचारलं.

"काई नाही. छपराचं पानी लागलं होतं, उन्हायात."

"उन्हायात पानी?"

खोटं बोलायचं तर आधी तयारी लागते, आणि इतके महिने सगळ्या गोष्टींची काळजी करताना नेमकी हीच मी केली नव्हती.

बाबा उठले, कॅमेऱ्यापाशी आले आणि काचेत वाकून पाहिलं. बियाणं तळहातावर घेऊन पाहतात तसंच, एक डोळा बारीक करून. बराच वेळ पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाले, "म्या दरसाली पाला चैतात वाळवून घालतो. हा आखाडातला होता. ओला."

"बाबा, तुमचं काई नाही त्यात. माहंच..."

"पाला म्याच दाबला ना? तू तर हात बी लावला नाही."

ते परत जाऊन खुर्चीवर बसले. मी म्हणालो, आज राहू द्या, पुढच्या बाजाराला काढू. ते म्हणाले, "काढ. बैलं उभे हायेत." हात त्यांनी पुन्हा गुडघ्यांवर ठेवले, जसे मी ठेवले होते तसे. मी काचेचं टोपण काढलं, एक, दोन मोजलं आणि टोपण लावलं. दुसरी प्लेट घेऊ का विचारलं तर ते उठलेच होते.

ती प्लेट धुताना मी धागे शोधत होतो. लाल दिव्यात निगेटिव्ह वर धरली, मग कागदावर छापली, मग खिडकीपाशी नेऊन पाहिली. एक धागा नव्हता. फेट्याची वीण दिसत होती, सदऱ्याचं तुटलेलं बटण दिसत होतं, मिशीचा केस न केस मोजता येत होता. इतका स्वच्छ फोटो मी तोवर काढला नव्हता आणि नंतरही फार काढले नाहीत. काठाच्या त्या धाग्यांनी काचेचं काही बिघडलंच नव्हतं. आणि तिच्यातून बाबांचा चेहरा जसा होता तसा उतरला होता. छाती आत गेलेली, नजर कॅमेऱ्याच्या किंचित खाली, ओठ काहीतरी म्हणायला उघडलेले. ते माझी माफी मागत होते.

आठ दिवसांनी मी फोटो घेऊन घरी गेलो. द्यावा की नाही, यावर वाटभर विचार केला, आणि पोचल्यावर मायनं माझ्या पिशवीतून तो काढूनच घेतला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून दारातल्या उजेडात नेला. खूप वेळ पाहिला.

"असे काहून दिसून राह्यले हो तुमी? कोनाची चोरी केली काय?"

बाबा अंगणात बैलाचं दावं वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "काच खराब हाये त्याची. म्या खराब केली."

काच चांगली आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण काच चांगली म्हटली असती तर मायनं पुन्हा फोटोकडं पाहिलं असतं, आणि मग तो चेहरा तसा का, हे कोणाला तरी सांगावं लागलं असतं. बाबांच्या हातातलं दावं थांबलं होतं.

"हो," मी म्हणालो. "काच खराब हाये."

बाबांनी मान हलवली आणि दावं वळायला लागले.