रिळात नसलेली वाघीण

हिवरखेडचा गोवर्धन माळी वांगी-मिरच्या पिकवायचा आणि उरलेल्या वेळात जंगलाची फिल्म काढायचा. अकोल्यातल्या तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या एका धंदा बुडालेल्या माणसाकडून त्याने हाताने फिरवायचा कॅमेरा आणि पडद्यावर चित्र दाखवायचं यंत्र आणलं, तेव्हा त्याची बायको जमुना एवढंच म्हणाली, "आता मिरच्या कोन तोडन?" पण पुढे मेळघाटात चढताना कॅमेऱ्याची तिपाई तिच्याच डोक्यावर असे.

गाव त्याला येडा म्हणे. माझ्या मते तो फक्त हट्टी होता. आपल्या काळ्या मातीतून उत्तरेला रोज सातपुडा दिसतो, आणि आपण त्याच्याकडे पाहून पाऊस येतो का तेवढं ठरवतो. गोवर्धनला तो डोंगर आतून दाखवायचा होता. दोन उन्हाळे दोघं राबली. सागाची पानगळ मिळाली, मोहाच्या फुलांवर ताव मारणारं अस्वल मिळालं. आणि शेवटी एका झऱ्यावर पाणी पिणारी वाघीण मिळाली, मागे दोन पिल्लं.

रीळ मुंबईहून धुऊन आलं, तसा त्याने पारावर धोतर ताणून गावातच पहिला खेळ लावला. आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच. डोंगरात गुरं चारणारी माणसं ती, प्रत्येक दगड ओळखून वाट सांगू लागली. झरा आल्यावर मात्र वाद पेटला. कोणी म्हणे धारगडचा, कोणी म्हणे नरनाळ्यामागचा. नत्थुजी गुराखी म्हणाला, "थांबा, हा फुटका दगड म्या पाह्यला हाय," तोवर रीळ पुढे सरकलं.

रामराव पाटील पुढेच बसले होते. अकोल्याच्या गोऱ्या साहेबाला वाघाची शिकार मिळवून द्यावी आणि सरकारकडून रावसाहेब हा किताब घ्यावा, ही त्यांची जुनी हौस.

"आठवड्यानं अकोल्यात साहेबासमोर हेच लाव," ते म्हणाले. "नत्थुजीले पडद्याजवळ बसवतो. तो नीट पाहीन अन् जागा सांगन. तुले जंगलाचा पास जन्मभर."

"अन् पिल्लायचं काय?"

"तुले काय करा लागते?"

"पाटील, म्या ते लोकायले दाखवाले काढली. माराले नाई."

"तुले इचारून कोन राहिलं?" म्हणत पाटील उठले.

घरी येऊन गोवर्धनने कात्री घेतली. झऱ्याचा तुकडा कापला आणि हातात धरून बसून राहिला. जन्मात पुन्हा मिळायचा नाही असा तो तुकडा. कणगीत लपवावा असं त्याच्या मनात आलं, आणि ते जमुनाने ओळखलं.

"ठेवला तं सापडन," ती म्हणाली. तिने तुकडा त्याच्या हातातून काढून घेतला आणि अंगणातल्या चुलीत टाकला. फिल्म ती, भक्कन पेटली आणि संपली. मग जमुना तिथेच बसून रडली. गोवर्धनही रडला, त्यात लाजायचं काही नाही.

अकोल्यात साहेब खुर्चीवर, नत्थुजी पडद्यापाशी. साग झाला, अस्वल झालं, आणि पडदा पांढरा पडला. पाटील ताडकन उभे राहिले.

"वाघीण कुठी हाय रे?"

"आमी जाळली जी," गोवर्धन म्हणाला. "म्या अन् जमुनानं."

"साहेब आले हायेत, भान हाय का?"

"म्हनूनच जाळली."

जंगलात शिरायचा होता तो पासही त्याच महिन्यात गेला. कॅमेरा घेऊन गोवर्धन पुन्हा कधी डोंगर चढला नाही. मिरच्या मात्र झकास पिकवल्या, आणि दरवर्षी दिवाळीनंतर पारावर तेच रीळ लावलं. गाव त्याला बिनवाघाचा सिनेमा म्हणे, आणि झाडून सगळं बघायलाही येई. अस्वल गेलं की पडदा पांढरा व्हायचा, आणि मागून कोणीतरी हमखास ओरडायचं, "वाघीण कुठी हाय?"

गोवर्धन मान वर करत नसे. बायकांतून जमुना सांगायची, "तिच्या घरी हाय."