बारा बिनशिवणीच्या टोप्या

आमच्या विणकाम मंडळात क्रोशाला जागा नव्हती, आणि ती नाकारणारी मीच होते. सावेडीत माझ्या घरी दर गुरुवारी दुपारी आम्ही आठ-दहा बायका जमतो. मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे मंडळाचं मास्तरपण न मागता माझ्याकडे आलं आणि मीही ते आनंदाने मिरवलं. दवाखान्यातल्या नवजात बाळांसाठी थंडीत टोप्या आणि स्वेटर विणून द्यायचे, हे आमचं काम. दोन सुया, सुलट-उलट टाके, टोपीला मागे शिवण. क्रोशा म्हणजे टीव्हीवरचं झाकण नाहीतर दारावरचं तोरण, त्याला विणकाम म्हणू नये, असं मी उघड म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी एक नवीन बाई येऊ लागल्या. मूळच्या श्रीरामपूरकडच्या, मुलगा नागापूरच्या कारखान्यात लागला म्हणून इकडे आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून आकडीची एकच सुई काढली. मी सगळ्यांदेखत विचारलं, "दुसरी घरी विसरलात का?" हशा पिकला. त्याही हसल्या, जरा उशिरा. तरी त्या येत राहिल्या, कोपऱ्यात बसून स्वतःच्या पिस्ता रंगाच्या लोकरीने विणत राहिल्या, आणि दिवाळीनंतर त्यांनी माझ्या हातात बारा टोप्या ठेवल्या.

टोप्या सुबक होत्या. मला ते तेव्हाच दिसलं होतं, आता लपवण्यात काय अर्थ आहे? मला एका टोपीला दोन दिवस लागतात आणि यांनी गप्पा मारता मारता डझनभर केल्या, याचाच मला राग आला. त्यातल्या चार तर इतक्या लहान, की माप चुकलंय असं मी मनाशी ठरवून टाकलं. गठ्ठा दवाखान्यात पोचवायचं काम माझं. मी त्या बारा टोप्या त्यात घातल्याच नाहीत. घरी बसून एकेक उसवली. क्रोशाचं टोक सापडलं की सगळं सरसर सुटत जातं. पुढच्या गुरुवारी मी मंडळात सांगितलं, "क्रोशाच्या टोप्या दवाखान्यात घेत नाहीत. भोकांतून वारा जातो म्हणाले." त्या "बरं बाई" म्हणाल्या. टोप्या त्यांनी परत मागितल्या नाहीत.

पुढे कहर म्हणजे त्याच लोकरीचा स्वेटर मी त्यांच्यासमोर विणायला घेतला. गुंडा घरंगळत त्यांच्या पायाशी गेला. उसवलेल्या लोकरीला वाक पडलेले असतात आणि कुठल्या टाक्याचा वाक कसा, हे जाणत्या बोटांना कळतं. त्यांनी धागा दोन बोटांत धरून सरकवला. "बाई, ही माझी लोकर हाय," त्या अगदी हळू म्हणाल्या. गुंडा माझ्या मांडीवर ठेवला. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

मी स्वेटर द्यायला दवाखान्यात गेले, तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आमच्या टोप्या उलट्या घातलेल्या दिसल्या. मी नर्सला चांगलंच सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, शिवण डोक्याला रुतते. म्हणून उलटी घालतो. बिनशिवणीची टोपी कुणाला जमली तर बघा ना. एवढुशी." तिने स्वतःची मूठ दाखवली. ज्यांचं माप चुकलं म्हणून मी नाक मुरडलं होतं, त्या चार टोप्या त्याच मापाच्या होत्या. गोल गोल विणलेल्या, कुठेही शिवण नसलेल्या. मला तिथे उभं राहवेना.

मी नागापूरला त्यांच्या घरी गेले आणि सगळं कबूल केलं. त्यांनी आधी चहा टाकला.

"माझी नात तिथंच काचंच्या पेटीत हुती," त्या म्हणाल्या. "म्हनून बारक्या केल्या."

मी माफी मागू लागले तर त्यांनी मला थांबवलं. "माफी न्हाई पायजे. समद्यांम्होरं एवढंच सांगा, का दवाखान्यानं माझ्या टोप्या नाकारल्या न्हवत्या. बायांना वाटतंय माझं कामच वाईट हाय."

मी शब्द दिला. दोन दिवस ते वाक्य मी मनात घोळवत होते. गुरुवारी त्या आल्या, कोपऱ्यात बसल्या. मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "दवाखान्याने नियम बदललाय. आता क्रोशाच्या टोप्याही चालतील. आणि मी स्वतः यांच्याकडून शिकणार आहे." बायकांनी टाळ्या वाजवल्या. "बाई, तुमचं मन मोठं," असंही कुणी म्हणालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी खाली बसले.

कोपऱ्यातून उठून त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि सुई माझ्या हातात दिली. आता मंडळात सगळ्या क्रोशा विणतात, मीही. त्या माझी बोटं धरून शिकवतात, एका शब्दानेही टोचत नाहीत.

गेल्या गुरुवारी नवीन आलेल्या एका मुलीने त्यांना विचारलं, "आधी तुमच्या टोप्या दवाखान्यात का घेत नव्हते?"

त्यांनी हातातलं काम थांबवलं. "बाईंना इचार," त्या म्हणाल्या.

मुलगी माझ्याकडे वळली. मी म्हणाले, तसा नियमच होता.