मशीन नंबर चार आणि सोमवारचे तीन

चौघं एका खोलीत राहिले की किस्से साचतातच. आमचे मात्र सगळे घाबरण्याचे! नव्वदच्या आसपास सिल्वासातल्या एका धागा कारखान्यात आम्ही टेम्पररी होतो. नवे साहेब आले आणि म्हणाले, मशीन बंद पडलं की रिपोर्ट इंग्लिशमध्येच लिहायचा. चुकीला लाल गोल. तीन गोल झाले की घरी, नाहीतर वर्षअखेर परमनंट.

बाकी इंग्लिश जमायचं हो. वेळ लिहायची म्हटली की घाम! ॲट, ऑन की इन?

* * *

मी नाशिकचा, कॉलेजात गेलेला, म्हणून सगळे मलाच विचारायचे. मला कुठे येत होतं? पण सांगायचो एकदम ठासून. माझ्यामुळे आमच्या खोलीतल्या रामदासभाऊंना दोन गोल पडले. धुळ्याचा माणूस, पदरात तीन मुली. आठवडाभर मी त्यांच्यासमोर जेवायला बसलो नाही.

* * *

मग शेजारचे सावंत गुरुजी धावून आले. कोकणातले, इथल्या शाळेत मास्तर. त्यांनी पाठच करून घेतलं, घड्याळाला ॲट, वाराला ऑन, महिन्याला इन. भाऊ सायकलवर तेच घोकत निघाले आणि कारखान्याचं गेट मागे टाकून थेट पुढच्या अथाल गावात पोचले! परत आल्यावर वॉचमननं उशीर का विचारलं, तर तोंडातून निघालं, "महिन्याला इन."

* * *

शेवटी भाऊंना रजिस्टरमध्ये एक बिनगोलाचं इंग्लिश वाक्य सापडलं. मशीन नंबर चार सोमवारी तीन वाजता बंद पडलं. झालं! मशीन बुधवारी पडो की शुक्रवारी, भाऊ तेच उतरवायचे.

मी म्हटलं, "भाऊ, हे खोटं आहे ना."

"खोटं असंल, पण त्याला गोल नाही ना भो."

* * *

दोन महिन्यांनी साहेबांनी रजिस्टर चाळलं. सोमवारी पावणेतीनला खुर्ची घेऊन मशीन चारसमोर येऊन बसले. "रामदास, आज बघूच."

भाऊ स्विचपासून दहा फूट लांब, हात पाठीमागे बांधून उभे. मशीन मस्त चालू होतं, दोन एकोणसाठपर्यंत.

तीनचा भोंगा झाला आणि मशीन चार थांबलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. भाऊंचे हात पाहिले. मग हळूच उठले.

"परमनंटचा कागद उद्या घेऊन जा," म्हणाले. आणि जाताना मशीनच्या बाजूनं नाही, पार भिंतीला घासून गेले.