मरतानाचं पद

संगीत नाटकात सगळ्यात कठीण पार्ट कोणता, असं विचारलं की लोक राजाचा म्हणतात. मला हसू येतं. राजाला काय, सिंहासनावर बसायचं, तान घ्यायची, घाम आला तर शेल्यानं पुसायचा. खलनायकाचा घसा हसून हसून बसतो, कबूल. पण त्याला उभ्यानं हसायला मिळतं. कठीण पार्ट मरणाऱ्या आईचा. उताणं पडून गावं लागतं. पोट वर-खाली होताना दिसता कामा नये, कारण बाई शेवटच्या घटका मोजते आहे. आणि आवाज मात्र प्रेक्षकांच्या मागे सोडलेल्या बैलगाड्यांपर्यंत जायला हवा. हा पार्ट मी सहा हंगाम केला. आता कोणाला करायचा असेल तर खुशाल करा.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मूल या तालुक्याच्या गावी एका राइस मिलमध्ये कामाला होतो. दिवसभर नाकातोंडात कोंडा आणि संध्याकाळी आपल्या गावात तालीम. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, नाटकं लागतात. रात्री पडदा उघडतो, तो उन्हं आल्यावर पडतो. मोठ्या मंडळांकडे नागपूरहून बाया यायच्या. आमच्या मंडळाकडे मी होतो.

पहिल्या वर्षी मी मिशी पदरानं झाकून मेलो. वाऱ्यानं पदर उडाला आणि बायांच्या बाजूला खसखस पिकली. नाटक बसवणारे आणि पेटीवर बसणारे आमचे मास्तर दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मले आई पायजे बाप्पा, हवालदार नाई."

म्हणून पुढच्या हंगामात, पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी, मिलमधून सुटल्यावर मी मूलला न्हाव्याकडे बसलो आणि मिशी सफाचट करून गावाकडे निघालो. आमच्याकडे मुलगा मिशी काढतो ती बाप गेल्यावरच. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण डोक्यात पद घोळत होतं, त्यात बाप कुठून आठवणार!

गावाच्या वेशीवर पहिला माणूस भेटला. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि भराभर गावात शिरला. मी घरी पोचेपर्यंत अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. कोणीतरी दोन हिरवे बांबूही आणले होते. बाबा ओसरीवर बसून कढीभात खात होते.

"कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

 दारातल्या एका म्हातारीनं गळा काढला.

"काऊन रडून राह्यली बाई?" बाबा म्हणाले आणि अजून कढी मागितली.

आई कढीचं भांडं घेऊन बाहेर आली. तिनं आधी बांबू पाहिले, मग माझा ओठ पाहिला. "बाप जेवून राह्यला अन् तू मिशी काढून आला?" एवढंच ती बोलली. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. एक दिवस नाही, महिना नाही. तो हंगाम गेला, पावसाळा गेला, पुढचं धान कापणीला आलं, तरी नाही.

जेवायला मिळायचं. तसा अन्याय नव्हता. ती बाबांना सांगायची, "सांगा त्याले, भात झाकून ठेवला हाये." बाबा घरी नसले तर गाईला सांगायची. गाय ऐकून घ्यायची, मी जेवायचो. पाऊस सुरू झाला तशी मी मिशी वाढवली. तिनं पाहिलंही नाही. हंगाम जवळ आल्यावर पुन्हा काढली. तेव्हा बरोबर पाहिलं. मी तिला एकुलता एक. सगळ्या गावाशी मी मस्करी करत फिरायचो, पण मिलमध्ये पोती उचलताना भरून यायचं. लोकांना वाटायचं डोळ्यात कोंडा गेला. मला नाटक सोडवत नव्हतं आणि ती बोलल्याशिवाय जगवत नव्हतं, खरं सांगायचं तर हे असं होतं.

त्या वर्षी नाटक आमच्याच गावात लागलं. आपण जाणार नाही, असं आईनं गाईला सांगितलं. पण दुसऱ्या अंकात मी विंगेतून डोकावलो, तर बायांमध्ये धानाच्या तणसावर चादर पांघरून ती बसलेली. तोंड मंचाकडे नव्हतं, शेजारणीकडे होतं. शेजारीण नाटक पाहत होती.

माझं मरण शेवटच्या अंकात, म्हणजे उजाडता उजाडता. मंचावर दोरीनं टांगलेला माइक माझ्यासाठी पार खाली सोडायचे. मी खोकायचो, पाणी मागायचो, कोणी द्यायचं नाही, मग पद. पदाच्या शेवटी मान टाकायची. अडचण एवढीच की आमच्या मंडळात वन्समोर नाकारायची पद्धत नव्हती. कधीच कोणी नाकारला नव्हता. वन्समोर आला की मेलेल्यानं डोळे उघडून पुन्हा खोकल्यापासून सुरुवात करायची.

पहिल्यांदा मी मेलो. वन्समोर! दुसऱ्यांदा जरा बरा मेलो. वन्समोर! तिसऱ्यांदा खोकला आला तो खराच होता. वर्षभराचा कोंडा होता तो, कुठे जाणार? पाणी मागितलं, पद धरलं आणि वरच्या सुरावर आवाज फाटला. पेटी पुढे गेली, मी मागेच राहिलो. तोंड उघडं आणि आत काही नाही. लोकांना वाटलं, वा, काय मरतो आहे! मास्तर तोच सूर दाबून धरून माझ्याकडे बघत बसले.

तेवढ्यात बायांमधून आई उठली. हातात लोटा होता. मातीचा भराव चढून ती सरळ मंचावर आली. माझा नाटकातला मुलगा, वयानं माझ्याहून चार वर्षं मोठा, अदबीनं बाजूला सरकला. आई खाली बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि लोटा तोंडाला लावला. कोमट पाणी होतं, गूळ घातलेलं. म्हणजे घरूनच करून आणलेलं. मला रडू फुटलं, पावडर ओघळायला लागली. आता काय बोलते, म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

"पाय जवळ घे," ती म्हणाली. "बाईमानूस असं पाय फाकून मरत नाई."

माइक आमच्या डोक्यावरच होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. कोणी हसलं नाही; बायांच्या बाजूनं उलट "हो ना बाई" असं आलं. मी पाय जवळ घेतले. तिनं माझ्या निऱ्या ओढून सरळ केल्या, पदर डोक्यावर घेऊन दिला आणि म्हणाली, "हं, म्हन आता."

मी म्हटलं. पाठीखाली माती आणि डोकं तिच्या मांडीवर, त्यामुळे वरचा सूर आपोआप लागला. शेवटी मान टाकली. डोळे मिटलेले होते, पण ती खाली उतरली नाही एवढं कळत होतं.  मग मागून, बैलगाड्यांकडून, कोणीतरी ओरडलं, "वन्समोर!"

मी डोळे उघडायला लागलो. आईनं माझ्या डोळ्यांवर हात ठेवला.

"बस झालं," ती माइककडे तोंड करून म्हणाली. "मले एकच हाये."

मास्तरांनी पेटीचा भाता मिटला.