शिकवायचं विमान

इंदिरानगरच्या एका बागेत युद्धाच्या काळातलं, वैमानिकांना शिकवायचं विमान ठेवलंय. रोज सकाळी एक आजी पदराने त्याचं चाक पुसत. एकदा म्हणाल्या, "माझा भाऊ यात उडायला शिकला." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आमचे मिस्टर यात शिकवायचे."

मी गोंधळलो. "आजी, नक्की भाऊ की मिस्टर?"

"दोघंही. यांनीच त्याला शिकवलं. तो लढाईवरून परत आला नाही. विमान मात्र पुढे कितीतरी वर्षं नव्या पोरांना शिकवत राहिलं."

मग हळूच म्हणाल्या, "यांना शेवटपर्यंत मी विचारलं नाही, तो तयार झाला होता ना, की घाईघाईत पाठवलात?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मला ते ठाऊक असणार.