भाषण माहं, नाव सरांचं

"तुम्हें बोलना नहीं है. बस स्लाइड आगे बढ़ाना है."

सर सगळ्यांसमोर मले म्हणाले. जबलपूरच्या नेपियर टाउनमधलं आमचं ऑफिस. काचेची खोली, टेबलाभोवती आठ जण. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. डेटा अन् एआयची मोठी कॉन्फरन्स होती इंदोरले, तिथल्या भाषणाची रिहर्सल चालू होती. भाषण मी लिहिलं होतं. प्रपोजल मी लिहिलं होतं. पडद्यावर वक्ता म्हून नाव सरांचं. खाली बारीक अक्षरात 'सहाय्य', अन् त्यापुढं मी.

मी मान हलवली. हो, हलवली. खोटं काहून सांगू?

"चौथी स्लाइड," सर म्हणाले. मी बटण दाबलं. खोलीत एका बाईचा आवाज आला. नमस्कार करून ती आपला मोहल्ला अन् दुखणं सांगून राहिली होती. सगळे फिसकन हसले. एक जण म्हणे, "ये कौन सी भाषा है, भैया?" सरही हसले. "यही तो कचरा है. इसी को साफ़ करना है."

तो आवाज माह्या आईचा होता.

आम्ही घमापुर मोहल्ल्यातले. आजोबा भंडाऱ्याकडून कामाच्या मागं इथं आले, बाबा सरकारी कारखान्यात लागले, मग जबलपूरच घर झालं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. शाळा हिंदीतून. मराठी लिहाले मी मोठेपणी शिकली, विहारात येणारी पत्रकं वाचून वाचून. कॉम्प्युटरचा कोर्स केला अन् ह्या ऑफिसात मुलाखतीले गेली. सरांनी शिक्षणाच्या आधी आडनाव विचारलं. सरही मराठीच, पण त्यांच्या घरचं मराठी पुस्तकातलं. आडनाव ऐकून म्हणाले, "अच्छा. म्हणजे तुमच्याकडचं मराठी." तुमच्याकडचं म्हणजे कोणाकडचं, ते त्यांनाही ठाऊक होतं अन् मलेही. मी हसून 'जी' म्हटलं. नोकरी लागली.

काम असं होतं. एका मशीनले मराठी शिकवाचं होतं. दवाखान्यात फोन लावला की माणसाच्या जागी मशीन बोलन, पेशंटचं ऐकन, डॉक्टरचा नंबर लावून देईन. त्याच्यासाठी इथल्या मराठी लोकांचे आवाज गोळा केले होते. आम्ही कानाले हेडफोन लावून एकेक आवाज ऐकाचा अन् तीनपैकी एक बटण दाबाचं. क्लीन, ओके, रिजेक्ट. कोणत्या बोलण्याले कोणतं बटण, ते सरांनी दोन पानांवर लिहून देलं होतं. रिजेक्ट झालेल्या आवाजातून मशीन काहीच शिकत नाही.

अन् माह्याएवढे आवाज त्या ऑफिसात कोणी रिजेक्ट केले नाही. मले भेव होतं. आपल्यासारखं बोलणाऱ्याले पास केलं तं म्हणतील, हिलेच कुठं शुद्ध येते? म्हून मी दुप्पट कडक. आमच्या मोहल्ल्यासारखं कोणी बोललं की रिजेक्ट. कारखान्यातले रिटायर लोक, मिस्त्री, भाजीवाल्या बाया, एका मागून एक. सरांनी मीटिंगमध्ये तारीफ केली, "इनका कान देखो." मी फुगली. घरी येऊन आईले सांगतलं बी.

आईले रेकॉर्डिंगले मीच नेलं होतं. फोटो काढाचा असल्यासारखी नवी साडी नेसून आली होती. आवाजावर नाव नसते, नंबर असते. पण आपल्या आईचा आवाज ओळखू नाही येत का? ओळखला. दोनदा ऐकला. बाजूची मुलगी माह्या स्क्रीनकडे पाहून राहिली होती. मी रिजेक्ट दाबलं.

पुढं मशीन सुरू झालं. आईचा गुडघा सुजला होता, तिनं दवाखान्यात फोन लावला. मशीन म्हणे, समजलं नाही, पुन्हा सांगा. तिनं पुन्हा सांगतलं. हळू सांगतलं. मोठ्यानं सांगतलं. शेवटी फोन कटला. फोन मांडीवर ठेवून आई म्हणे, "माह्याच बोलण्यात काही खोट असन, बाई."

मले रडू नाही आलं. घाम आला. लाज वाटली, अशी लाज की तिच्यासमोर बसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी रिजेक्ट केलेले आवाज पहिल्यापासून ऐकाले बसली. कुठं खरखर नाही, कुठं गोंगाट नाही. शब्द न् शब्द समजत होता. तेवढ्यात त्या कॉन्फरन्सनं भाषणांसाठी प्रपोजल मागवले. विषय काय, थोडक्यात सांगा, वक्ता कोण. मी लिहिलं, "मशीनले आमचं बोलणं काहून समजत नाही? आम्ही ते फेकलं म्हून." वक्ता म्हून माहं नाव टाकलं. ऑफिसचा नियम असा, की बाहेर जाणारा प्रत्येक कागद सरांच्या हातून जाणार. सरांनी वाचलं. "अरे वा! कमाल है." मी खूश. मी किती खुळी!

मंजुरी आली तं वक्ता सर होते. विषय होता, आवाजातला कचरा कसा काढावा. उदाहरणं माहीच, आईचा आवाजही त्यातच, मेहनत माहीच, सगळं उलटं फिरवलेलं. मी त्यांच्या केबिनमध्ये गेली. ते मराठीत बोलले, गोड बोलले. "अगं, स्टेजवर तू बोललीस तर लोक हसतील. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

तेव्हाही मी 'जी' म्हटलं अन् परत येऊन स्लाइडा बनवल्या.

अन् आता काचेच्या खोलीत तेच लोक हसून राहिले होते. सर म्हणाले, "एक बार और सुनाओ."

मी बटण नाही दाबलं.

"सुनाओ ना."

"नाही."

आवाज चढला माहा. त्या ऑफिसात पहिल्यांदा मी घरच्यासारखी बोलली. "ही माही आई होय, सर. गुडघा दुखते म्हून सांगून राहिली ती. तुमाले सगळं समजलं. समजलं म्हून तं हसले."

सरांचा चेहरा उतरला, पण जरासाच. त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला, कोणी कोणतं बटण दाबलं त्याचं रेकॉर्ड उघडलं अन् स्क्रीन माह्याकडे फिरवली. "हे कचरा आहे असं मी ठरवलं का? बघ. तुझ्याच लॉगिनमधून रिजेक्ट झालंय."

ते खरं होतं. मी खुर्ची मागं सरकवली. उठली, दार उघडून बाहेर आली. उद्यापासून येऊ नको, असा मेसेज घरी पोचाच्या आत आला.

कॉन्फरन्सवाल्यांले मी लिहिलं, की हे भाषण माहं आहे, मुद्दा पालटून टाकला आहे. दोन ओळींचं उत्तर आलं. हा तुमच्या ऑफिसचा आपसातला मामला आहे. सर गेले, बोलले. टाळ्याही पडल्या म्हणतात.

मग मी आईले सगळं सांगतलं. काही लपवलं नाही. ती गुडघ्यावर तेल चोळून राहिली होती, हात थांबला.

"तुले समजलं होतं ना, मी काय म्हणून राहिली ते?"

"हो."

"मग फेकलं काहून?"

तिनं मले माफ केलं का नाही, ते मी विचारलं नाही. विचाराचा हक्क मले नाही.

दुसऱ्या एका कॉन्फरन्सनं प्रपोजल मागवले आहेत. काल मी फॉर्म भरला, कोणाच्याही हातातून न जाऊ देता. वक्त्याच्या जागी माहं पूर्ण नाव, आडनावासकट. नाही म्हणाले तं तिसरीकडे पाठवीन, चौथीकडे पाठवीन. सरांनी काय केलं ते सांगीन. पण त्याच्या आधी मी काय केलं ते सांगीन, कोणाच्या भेवानं केलं तेही सांगीन, अन् आम्ही घरी बोलतो तसंच सांगीन. समोर बसलेल्यातलं कोणी म्हणालं, जरा भाषा सुधारून बोला, तं मी त्याले एवढंच विचारीन. समजलं का नाही समजलं? समजलं ना? मग बस खाली, अन् ऐक.